घरकर्ज, आईचे औषधपाणी आणि दशांश

प्रश्न (पुणे)
सर्वांना जय ख्रिस्त. लग्न झाल्यापासून आम्ही दोघे पगार हाती येताच दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देवाच्या कार्यासाठी बाजूला काढत आलो आहोत. आता घरकर्जाचा हप्ता सुरू झाला आहे, आईचा डायलिसिसचा खर्चही आमच्यावर आहे, आणि अर्पणासाठी उसने पैसे घ्यावेत की काय, इथपर्यंत विचार आला. एका सभेत बायबलमधील मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३ रा अध्याय वाचून, दशांश न देणारा देवाला ठकवतो, असे सांगितले गेले. दशांश कर कापण्यापूर्वीच्या पगारावर धरावा की हाती येणाऱ्या रकमेवर? आईवरचा खर्च त्यात मोजता येईल का?

उत्तर (निवृत्त पाळक)
ताई, कर्ज काढून अर्पण करू नका. जे जवळ आहे त्याप्रमाणे दिलेले मान्य होते, जे नाही त्याप्रमाणे नव्हे, असे प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२ करिंथ ८:१२) स्पष्ट लिहितो. मलाखी मंदिराच्या ज्या भांडाराविषयी बोलतो त्यावर लेव्यांचे, म्हणजे मंदिरात सेवा करणाऱ्या वंशाचे, पोषण होत असे, आणि अनुवाद १४ प्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवून लेवी, उपरी (परदेशी), अनाथ व विधवा यांना तृप्त करायचे होते. हा भाग सभांमधून फारसा वाचला जात नाही, याचे मला दुःख वाटते. आईबापांच्या वाट्याचे धन ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहणाऱ्यांना येशूने मार्क ७ मध्ये दोष दिला, म्हणून आईचा उपचार आधी. मात्र त्याला मी दशांश म्हणणार नाही, कारण १ तीमथ्य ५:८ प्रमाणे ते आपले कर्तव्यच आहे. कराबाबत शास्त्रात नियम नाही. दोघांनी मिळून ठरवा.

उत्तर (शिक्षिका, नाशिक)
पाळकसाहेबांशी मी सहमत आहे, तरी देणे पूर्ण थांबवू नये असे मला मनापासून वाटते. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळीत १९१० पासून स्त्रिया स्वयंपाक करताना मूठभर तांदूळ प्रभूसाठी बाजूला काढतात, आणि ते विकून मंडळीचे मोठे कार्य चालते. रक्कम घटली तरी १ करिंथ १६:२ मधला नियमितपणा राखता येतो.

उत्तर (मंडळीचे खजिनदार)
विश्वासू कारभारीपण मंडळीकडूनही अपेक्षित आहे. यरुशलेमेतील गरिबांसाठी जमवलेली वर्गणी पोहोचवताना कोणी दोष लावू नये म्हणून पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला बंधू पाठवला. त्याच न्यायाने आमच्याकडे पेटी दोघांसमोर मोजली जाते आणि वार्षिक सभेत तपासलेला हिशेब वाचला जातो. हा प्रसंग ज्यात आहे त्याच २ करिंथ ८ मध्ये एकाच्या विपुलतेतून दुसऱ्याची गरज भागावी, असेही पौल लिहितो. तुमच्या मंडळीत गरजूंसाठी निधी असेल, तर आईच्या उपचारासाठी पाळकांकडे निःसंकोच अर्ज करा. इतकी वर्षे तुम्ही जे दिले ते अशाच घरांसाठी होते.