अंदमानला जाताना बाराटांगचा दिवस गाळावा का?

देवबागची सून
दिवाळीनंतर आमच्या वाडीतली चार कुटुंबं अंदमानला निघालीत. सेल्युलर जेल, हॅवलॉक आणि सहाव्या दिवशी बाराटांग बेट. कारण चुनखडीच्या गुहांचं सांगतात, पण परवा एकजण बोलून गेलाच, "वाटेत जारवा दिसतात." जारवा म्हणजे त्या रस्त्यालगतच्या जंगलात राहणारे आदिवासी.

मी त्या रस्त्याने गेलेय. पहाटे चारला जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांची रांग, सहाला ताफा सुटला. थांबू नका, फोटो काढू नका, खायला देऊ नका, सगळं बजावलेलं. तरी आमच्या गाडीतल्या एकीने काच खाली करून बिस्किटाचा पुडा बाहेर धरला. रस्त्याकडेला एक बाई उभी होती, कडेवर पोर. तिने आमच्याकडे बघितलंच नाही, फक्त पुड्याकडे. अजून आठवलं की पोटात कालवतं. मी तर म्हणते, जाऊच नका.

कर्लीकाठचा
वहिनी, तो अंदमान ट्रंक रोड पर्यटकांसाठी नाही बांधलेला. मायाबंदर, दिगलीपूरचे आजारी लोक त्याच रस्त्याने पोर्ट ब्लेअरच्या इस्पितळात येतात. बाराटांगच्या होडीवाल्यांचं पोट गुहा बघणाऱ्यांवर आहे. आपला सीझन बुडाला की काय होतं ते मला विचारा, माझीही होडी आहे. पुडा धरणारीला दंड करा, होडीवाल्याला का उपाशी ठेवता? आणि संपर्क वाईटच असं कसं? 1996 मध्ये पाय मोडलेल्या जारवा मुलावर पोर्ट ब्लेअरलाच उपचार झाले. बरा होऊन तो घरी गेला, त्यानंतर ते लोक आपणहून बाहेर येऊ लागले.

देवबागची सून
आले, आणि 1999 मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली. आपल्याकडे पोराला गोवर आला तर आपण कडुलिंबाचा पाला टांगतो, दवाखाना गाठतो. ज्यांच्या अंगात त्या रोगाशी लढायची ताकदच नाही, त्यांचं काय? तिथलीच दुसरी जमात, ग्रेट अंदमानी लोक, एकेकाळी हजारोंनी होते, आज पन्नासेक उरलेत. आजाऱ्याला रस्ता हवाच, त्याला कोण नाही म्हणतंय? माझं म्हणणं फक्त हौशी ताफ्याबद्दल आहे.

निवतीचा रापणकार
भाऊ, होडी माझीही आहे, तरी मी वहिनींच्या बाजूने. रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढताना लोक न विचारता आमच्या तोंडासमोर मोबाईल धरतात. मी निदान "बाजूक व्हा" म्हणू शकतो. 2012 मध्ये जारवा बायकांना खाण्याच्या बदल्यात नाचायला लावल्याचे व्हिडिओ जगभर गेले. त्यांना कोणी विचारलं होतं? तिथल्याच सेंटिनेल बेटावरच्या आदिवासींनी, सेंटिनेलींनी, तर 2004 च्या त्सुनामीनंतर पाहणीला आलेल्या हेलिकॉप्टरवर बाण रोखून उत्तर दिलं. ते "नको"च होतं. तरी 2018 मध्ये एक अमेरिकन धर्म सांगायला बेटावर उतरला आणि मारला गेला.

कर्लीकाठचा
सेंटिनेलचं मान्य, तिथे जायला बंदीच आहे आणि ती असावी. पण बाराटांगच्या होडीवाल्याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही.

देवबागची सून
खरंय, माझ्याकडेही पुरतं उत्तर नाही. त्याच्या गुहेपर्यंत समुद्रातून नेलं तर दोघांचंही भागेल, असं मला वाटतं. आमच्यातल्या दोन कुटुंबांनी सहावा दिवस नील बेटावर हलवलाय. बाकीच्या दोघांशी रविवारी बोलणार आहे.