रिंजानीवर रात्रीचा मुक्काम: सॅकमध्ये काय काय घेऊ?

प्रश्न (कोपरी, ठाणे): ऑगस्टमध्ये इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावर रिंजानी ज्वालामुखी (३७२६ मीटर) चढतेय. एक रात्र विवराच्या काठावर तंबूत. आजवरचा अनुभव कळसूबाई आणि येऊरच्या वाटांचा. गरम कपडे किती घेऊ?

ऐरोलीहून: ताई, कपड्यांआधी बुटांचं बघा. शिखराचा शेवटचा चढ नुसती राख आणि सुटी खडी; दोन पावलं वर, एक खाली. माझ्या बुटात इतकी खडी शिरली की टाचेचं कातडं सोललं. घोट्यावर बांधायचे गेटर न्याच. चढाई पहाटे दोनच्या सुमारास सुरू होते, म्हणून हेडलॅम्प हवाच. जादा सेल झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, थंडीत लवकर उतरतात.

नौपाड्यातून: सुती टी-शर्ट नको, घामाने ओला झाला की अंगावर गार पडतो. ड्रायफिट, त्यावर फ्लीस, वर विंडचीटर. लोकरीच्या हातमोज्यांतून वारा आरपार जातो. शेंगदाण्याची चिक्की खिशात ठेवा. वर भूक लागत नाही, पण खावं लागतं.

कोपरीहून: मनापासून आभार! गेटर यादीतच नव्हते. सेल किती जोड्या घेऊ?

ऐरोलीहून: दोन.