वाकड्या भिंती आणि पुस्तकांची मांडणी : तुमचे अनुभव सांगा

तापीकाठ
परवा जळगावला बहिणीच्या नव्या फ्लॅटमध्ये सुतार पुस्तकांचं रॅक उभं करत होता. भिंतीला टेकवलं तर खाली चिकटलं आणि वर दोन बोटं फट. त्यानं पिशवीतून ओळंबा काढला, दोरी सोडली, आणि मला एकदम आमचं चोपड्याकडचं धाब्याचं घर आठवलं.

त्या घराच्या भिंती पांढऱ्या मातीच्या. खाली दीड हात जाड, वर निमुळत्या होत गेलेल्या, आणि वर्षानुवर्षं सारवून जागोजागी पोट सुटलेल्या. वडील मास्तर होते, पुस्तकं भरपूर. गावच्या सुतारबाबांकडून त्यांनी सागाची उभी मांडणी करून घेतली होती. ती भिंतीला घट्ट बसावी म्हणून जरा मागं कलती ठेवा, असं काका सांगत होते. सुतारबाबा म्हणाले, "भिंत वाकडी शे, मांडनी का वाकडी करू?" त्यांनी मांडणी ओळंब्यात सरळ उभी केली. वरची फट तशीच ठेवली आणि माथ्यापासून घराच्या लाकडी खांबापर्यंत लोखंडी पट्टी मारली. मातीत एक खिळा ठोकू दिला नाही. माती खिळा धरत नाही, भार खांबानंच घ्यायचा, हे त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. मांडणी अजून उभी आहे, घर पाडलं तेव्हा भावानं शिरपूरला नेली.

तुमच्याकडे कशा बसवल्या? जुनं घर, नवं घर, भाड्याची खोली, सगळं चालेल.

चौथी गल्ली
धुळ्यातल्या आमच्या वाड्यात भिंतीपेक्षा जमीन जास्त छळते. शहाबादी फरशी आणि सगळा उतार मोरीकडे. रॅकचा एक पाय कायम अधांतरी. घरोघरी पुठ्ठ्याची घडी घालतात, ती घालू नका. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, दबतो, आणि वाळवीला आयतं आमंत्रण. सागाच्या तुकड्याची निमुळती पाचर करून पायाखाली सारायची, वर पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध आला की बाहेर आलेलं टोक करवतीनं कापायचं. आधी जमीन, मग भिंत. लोक उलटं करतात.

भुसावळची सून
आमचं रेल्वे क्वार्टर. जुनं बांधकाम, चुन्याचा गिलावा, ड्रिल मारलं की मूठभर पापुद्रा खाली. शिवाय भिंतीला हात लावायचा तर परवानगी हवी. म्हणून उंच रॅक घेतलंच नाही. कमरेएवढी दोन बसकी रॅक शेजारी शेजारी, एकमेकांना नटबोल्टनं जोडलेली, जाडजूड पुस्तकं सगळ्यात खाली. बदली झाली की उचला आणि चला.

आणखी एक, पश्चिमेच्या भिंतीला पुस्तकं नकोत. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर असतो, ती भिंत रात्री दहालासुद्धा हाताला भाजते. बांधणीचा डिंक सुकतो आणि पानं सुटी होतात. सासऱ्यांची जुनी पुस्तकं अशीच गेली, फार वाईट वाटतं.

मीनाताई_यावल
काय सुंदर धागा काढला भाऊ. कणीक मळतेय, रात्री लिहिते सविस्तर.

रंधा आणि पटाशी
सुतारकाम आमच्या घरात तीन पिढ्या आहे म्हणून सांगतो. नव्या फ्लॅटच्या भिंती सरळ असतात हा समज काढून टाका. प्लास्टर करणारा कोपऱ्यात जास्त माल मारतो, त्यामुळे कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, कधीच नसतो.

फट झाकायची असेल तर अशी झाका. आधी रॅक ओळंब्यात पक्कं उभं करायचं. मग बाजूला एक पातळ पट्टी उभी लावायची, फटीपेक्षा रुंद, भिंतीला टेकेल तितकी सरकवून. आता शाळेतलं कर्कटक घ्या. सगळ्यात मोठी फट जेवढी, तेवढं उघडा. टोक भिंतीवर, पेन्सिल पट्टीवर, आणि वरून खाली सावकाश ओढत या. हात आडवाच राहिला पाहिजे, कर्कटक फिरवायचं नाही. भिंतीचं पोट, खळगा, सगळं पट्टीवर उतरतं. त्या रेघेवर करवत चालवायची, जरा तिरकी, म्हणजे मागची कड कमी राहते आणि पुढची कड भिंतीला बरोब्बर भिडते. शेवटी रंध्यानं केस केस काढायचा. नीट झालं तर पोस्टकार्ड जाणार नाही.

स्कर्टिंगसाठी पट्टी लागत नाही. मागच्या पायांना स्कर्टिंगच्या उंचीची खाच पाडा, चार इंच उंच आणि अर्धा इंच आत बहुतेक ठिकाणी पुरते. रॅक सरळ भिंतीला जातं.

चौथी गल्ली
@रंधा, कर्कटकाचं आमचे आजोबा पण सांगायचे. ते फरशीसाठी वापरायचे.

साने चौक
आमची गोष्ट जरा वेगळी. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं ना, तेव्हा आम्ही नवराबायकोनं पुस्तकं अशी घेतली की पोत्यानं घरी आणली. १९५२ नंतर संमेलन आमच्या गावी आलं होतं, हात आखडता कोण घेणार! माझे वडील १९५२ च्या मंडपात लहानपणी खांद्यावर बसून गेले होते, ते सांगताना अजून डोळे भरतात त्यांचे. या वेळी व्हीलचेअरवर नेलं. कवीकट्ट्यापाशी दोन तास हलले नाहीत.

हां, रॅक. तयार घेतलं, दुकानदार म्हणाला मजबूत आहे. खण साडेतीन फुटांचा, फळी पाऊण इंची पार्टिकल बोर्डाची. दिवाळीपर्यंत मधे झोळ. तीन फुटांत गच्च पुस्तकं म्हणजे वीस-पंचवीस किलो वजन होतं, ते ती फळी कशी पेलणार? फळ्या उलट्या केल्या, मधे उभा आधार दिला, पुढच्या कडेला खालून सागाची पट्टी मारली. आता ठीक. नवं करणार असाल तर अडीच फुटांच्या वर खण नको, आणि प्लाय १८ एमएम.

भुसावळची सून
@साने चौक, वडिलांना नमस्कार सांगा 🙏 तब्येत बरी का आता?

साने चौक
बरी आहे ताई. रोज सकाळी एक पुस्तक काढून मांडीवर ठेवतात.

काळी कसदार
आमचं शेतातलं घर, दोंडाईचा बाजूला. खाली काळी माती. उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल अशा भेगा, पावसाळ्यात फुगते. घर हलतं. दार मे मध्ये लागतं, ऑगस्टमध्ये लागत नाही. अशा घरात मे महिन्यात लेव्हल केलेलं रॅक पावसाळ्यात पुन्हा कलणार म्हणजे कलणार. म्हणून पायाला फिरकीचे बूट लावले, पाना फिरवला की पाय वर-खाली. आणि रॅक भिंतीला धरून ठेवणाऱ्या वरच्या क्लॅम्पला गोल भोक न ठेवता लांबट भोक केलं, म्हणजे भिंत सरकली तरी रॅकला हिसका बसत नाही. वेल्डिंगवाल्यानं करून दिलं. वर्षातून दोनदा पाना फिरवतो, पोळ्याच्या आसपास आणि होळीच्या आसपास. बास.

जिभाऊ_नवापूर
ओ भो, क्लॅम्पचा फोटो टाका ना

काळी कसदार
संध्याकाळी टाकतो. कापूस वेचायला माणसं आलीत.

जिभाऊ_नवापूर
काय भाव देतात यंदा वेचणीचा?

काळी कसदार
विचारूच नका भाऊ.

दोन पिल्लांची आई
नंदुरबारला भाड्यानं राहतो. मुलगा दोन वर्षांचा, रॅकच्या खणात पाय देऊन चढतो. वर एक इंच फट आहे, ढकललं की झुलतं. रात्री झोप लागत नाही मला. घरमालक दोन भोकं पाडू देतील. काय करू? लवकर सांगा कोणीतरी.

रंधा आणि पटाशी
ताई, आजच वरची पुस्तकं खाली घ्या आणि सगळ्यात वरचा खण रिकामा ठेवा. मग एक इंच जाडीचा लाकडी ठोकळा वरच्या फटीत बसवा, दोन ठिकाणी. क्लॅम्पचा स्क्रू रॅक, ठोकळा, प्लास्टर असं ओलांडून विटेत गेला पाहिजे. नुसत्या प्लास्टरमध्ये गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) ठोकली तर ओढल्यावर पापुद्र्यासकट बाहेर येते. ड्रिल मारताना लाल भुकटी आली की वीट लागली समजा. ठोकळा न घालता स्क्रू आवळला तर रॅक मागं ओढलं जातं आणि पुढचे पाय उचलतात, तेवढं बघा. वरून विजेची पट्टी किंवा वायर गेली असेल त्या रेषेत भोक नको.

दोन पिल्लांची आई
खूप आभारी आहे दादा. हे आले की दाखवते.

मीनाताई_यावल
आले बाई एकदाची. सगळे फट झाकायच्या मागं आहेत, माझं मत अगदी उलट. फट राहू द्या. आमची मागची भिंत ओल धरते, पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत काळे डाग चढतात. मांडणी चांगली चार बोटं पुढं ओढलीय. मागून वारा खेळतो, खराटा जातो, आणि विंचू असला तर दिसतो तरी. आमच्याकडे निघालेत दोनदा, केळीच्या बागेला लागून घर आहे. चिकटवून ठेवलेल्या कपाटामागं काय चाललंय ते कळत नाही, पाठ कुजल्यावर कळतं. खांबाला पट्टी मारा, मागं मोकळं ठेवा, तापीकाठ भाऊंच्या सुतारबाबांचं बरोबर होतं.

तापीकाठ
मीनाताई, आई पण हेच म्हणायची. मागच्या फटीत ती वेखंडाची पुरचुंडी ठेवायची, कसर लागू नये म्हणून.

जिभाऊ_नवापूर
वेखंड कुठं मिळतं आता?

मीनाताई_यावल
काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. बाळाच्या गुटीतलं तेच. पूड नको, अख्खी कांडी मागा, आणि दर पावसाळ्यानंतर बदला.