रॉडन मिडलटन : शेवटच्या उड्डाणाविषयी काही शंका

प्रश्न : वाचनवेडा

रॉडन ह्यूम मिडलटन या २६ वर्षांच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस (शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान) मिळाला, हे वाचनात आले. तो ऑस्ट्रेलियन हवाई दलाचा असूनही ब्रिटिश १४९ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये कसा होता? जखमी झाल्यावर फ्रान्सवरच पॅराशूटने उतरण्याचा मार्ग त्याने का घेतला नाही? शिवाय काही ठिकाणी त्याचा हुद्दा फ्लाइट सार्जंट, तर काही ठिकाणी पायलट ऑफिसर (म्हणजे अधिकारी दर्जाचा) असा दिसतो. जाणकारांनी खुलासा करावा.

उत्तर : गगनवेध

पहिल्या प्रश्नाचे उत्तर डिसेंबर १९३९ मध्ये ओटावा येथे झालेल्या हवाई प्रशिक्षणाच्या करारात आहे. त्यानुसार ऑस्ट्रेलियन तरुण आधी मायदेशी आणि नंतर बरेचदा कॅनडात शिकून ब्रिटनला जात आणि तेथे गरज असेल त्या स्क्वॉड्रनमध्ये नेमले जात. मिडलटनही ऑस्ट्रेलियातील नॅरोमाइनला शिकून कॅनडामार्गे १९४१ मध्ये ब्रिटनला पोहोचला.

२८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री त्याचे लक्ष्य इटलीतील तुरीन येथील फियाटचा कारखाना होते. त्याचे स्टर्लिंग हे बॉम्बफेकी विमान अवजड होते आणि लँकेस्टर या दुसऱ्या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाइतके उंच चढत नसे, त्यामुळे आल्प्स ओलांडतानाच इंधनाचा मोठा वाटा खर्ची पडला. लक्ष्यावर तोफेचा गोळा थेट कॉकपिटमध्ये फुटला. मिडलटनचा उजवा डोळा गेला, तो बेशुद्ध पडला आणि विमान सुमारे ८०० फुटांपर्यंत खाली कोसळत आले. ते सावरून बॉम्ब टाकले ते स्वतः जखमी असलेल्या सहवैमानिकाने, आणि त्याचा उल्लेख फार कमी लोक करतात, हे मला खटकते. शुद्धीवर येताच मिडलटनने पुन्हा नियंत्रण हाती घेतले व परतीचे चार तासांचे उड्डाण सुरू झाले.

उत्तर : नोंदवही

फ्रान्सवर उतरणे शक्य होते आणि विमानात त्याचा विचारही झाला होता. पण तो प्रदेश जर्मनांच्या ताब्यात असल्याने सहकारी कैदेत पडण्याचीच शक्यता अधिक होती. त्यांना इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंत न्यायचेच, असे मिडलटनने ठरवले होते. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रानुसार, तोवर आपण स्वतः वाचण्याची आशा जवळजवळ उरणार नाही, याची त्याला कल्पना होती. फ्रान्सचा किनारा ओलांडताना विमानावर पुन्हा तोफांचा मारा झाला आणि इंग्लंड गाठले तेव्हा जेमतेम पाच मिनिटांचे इंधन शिल्लक होते. किनाऱ्याला समांतर उडत त्याने सर्वांना उड्या मारण्याचा हुकूम दिला. पाच जण सुखरूप उतरले. फ्लाइट इंजिनियर आणि पुढचा तोफची मात्र त्याच्या मदतीला थांबले व विमान समुद्रात कोसळून तिघेही गेले. त्या दोघांचे मृतदेह दुसऱ्या दिवशी हाती लागले, तर मिडलटनचा १ फेब्रुवारी १९४३ रोजी डोव्हरच्या किनाऱ्यावर सापडला. सफोकमधील बेक रो येथे त्याचे दफन झाले.

उत्तर : गगनवेध

हुद्द्याचा घोळ तसा किरकोळ आहे. उड्डाणाच्या रात्री तो फ्लाइट सार्जंटच होता. पायलट ऑफिसरची नेमणूक त्याच्या मृत्यूनंतर जाहीर झाली, पण ती मृत्यूपूर्वीच्या तारखेपासून लागू धरण्यात आली. म्हणून दोन्ही हुद्दे आढळतात. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन हवाई दलातील व्यक्तीला मिळालेला पहिला व्हिक्टोरिया क्रॉस त्याचाच.