मदत हवी आहे: वादळाआधी लहान रुग्णालयाची तयारी, डिझेल-ऑक्सिजनचं गणित

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यातल्या वीस खाटांच्या रुग्णालयाचं व्यवस्थापन मी बघतो. समुद्रात पुन्हा कमी दाबाचं क्षेत्र आहे. चक्रीवादळ झालं तर हवामान खात्याचा पहिला इशारा साधारण ७२ तास आधी येतो, म्हणून आत्ताच विचारतोय.

वाऱ्याची तयारी इथे कुणाला शिकवावी लागत नाही. आवारातल्या माडांचे नारळ नि सुक्या झावळ्या उतरवल्या, शेडचे पत्रे आवळले, टाक्या भरतोय. धास्ती आहे ती वारा गेल्यानंतरची. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं आणि काही तासांत पुढे गेलं, पण आपल्याकडे कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले.

जनरेटर ६२.५ केव्हीएचा आहे. अर्ध्या लोडवर तासाला आठेक लिटर, म्हणजे दिवसाला जवळपास दोनशे. एवढं डिझेल आवारात ठेवता येतं का? आणि ऑक्सिजनसाठी नुसत्या कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) विसंबावं का?

खाडीपलीकडचा: कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो, म्हणजे तोही डिझेलच पिणार. ऑक्सिजनचे जंबो, म्हणजे मोठे, सिलिंडर भरून आणा. एकात ७ घनमीटर वायू असतो; मिनिटाला ५ लिटरने एका रुग्णाला तेवीस तास, पण हिशेब वीसचाच धरा. डिझेल २५०० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं, मात्र कुठलंही भांडं १००० लिटरहून मोठं नको. जनरेटर कुठे बसवलाय? २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आठवा. जमिनीलगत असेल तर आधी चौथरा बांधा, डिझेल नंतर.

सिस्टरताई: दादा, यंत्रांआधी बायका बघा. आशाताईंकडून पंधरा दिवसांत दिवस भरणाऱ्यांची यादी घ्या आणि झाडं पडून रस्ते बंद व्हायच्या आत त्यांना आणून ठेवा. लशींचा आइसलाइन्ड (आत बर्फाचं अस्तर असलेला) फ्रिज न उघडल्यास वीज नसतानाही दिवसभर तग धरतो, त्यामुळे फ्रिजपुरता घड्याळ लावून जनरेटर चालवलात तरी भागेल. नवजात बाळांना ऊब देणारा वॉर्मर असलेल्या खोलीला मात्र सलग वीज हवी. मोबाइलचे टॉवर बंद पडतात, तेव्हा स्टाफच्या पाळ्या कागदावर लिहून भिंतीला लावा आणि दुसरी पाळी आधीच मुक्कामाला बोलवा.

धागाकर्ता: ताई, आभार. जनरेटर जमिनीलगतच आहे, गवंड्याला उद्याच बोलावतो. बाळंतिणींसोबतच्या माणसांच्या जेवणाचं तुम्ही निसर्गच्या वेळी कसं केलं होतं?

सिस्टरताई: शेजारच्या शाळेत चूल मांडली. तांदूळ, कुळीथ आणि गॅसचे दोन सिलिंडर. भाजीच्या नादाला लागू नका.