चहाच्या पाण्यावर वाढवलेल्या 'कातड्या'चं पायताण होईल का?

पायताण_०९

भावांनो, आमचं घर चपलेच्या धंद्यातलं. आज्जा स्वतः कातडं कमवायचा, हिरडा, बाभळीची साल, सगळं परड्यात पडलेलं असायचं, आता बाबा तयार कातडं आणून कोल्हापुरी करतात आणि मी बीएससी मायक्रोच्या शेवटच्या वर्षाला. तर लंडनच्या इम्पिरियल कॉलेजची २०२४ ची बातमी वाचली, की त्यांनी बॅक्टेरियाकडून बुटाचा वरचा भाग वाढवून घेतला आणि काळा रंग पण त्या बॅक्टेरियानंच दिला. डोकंच फिरलं. मग मी कोम्बुचाचं, म्हणजे आंबवलेल्या चहाचं, मदर कल्चर (विरजणच म्हणा) ऑनलाइन मागवलं, बरणीत चहा-साखर घालून ठेवलं, तीन आठवड्यांनी वर जाड साय धरली. धुवून उन्हात टाकली तर पापड! वाकवली की मोडते. आई विचारते कुरडया कधी घातल्यास. बाबा म्हणाले हे घालून रंकाळ्यापर्यंत पण पोचणार नाहीस.

माझं कुठं चुकतंय? आणि तो रंगाचा जीन आपल्या बॅक्टेरियात घालणं कॉलेजच्या लॅबमध्ये जमेल का? बरं काळाच का, आम्हाला तांबूस पाहिजे.

विरजण

मी पुण्यात याच सेल्युलोजवर पीएचडी करतेय त्यामुळे जरा लांबण लागेल, सॉरी.

तुझी साय म्हणजे सेल्युलोज. झाडाच्या लाकडात असतं तेच, फक्त यात लिग्निन वगैरे काही नाही, शुद्ध माल. कोमागाटाइबॅक्टर नावाचे बॅक्टेरिया साखर खातात आणि अंगातून अतिशय बारीक धागे सोडतात. त्यांना हवा लागते म्हणून हे सगळं काम फक्त पाण्याच्या वरच्या थरात चालतं, त्यामुळे उंच बरणी म्हणजे चहा वाया. पसरट भांडं घे. स्टीलची परात चालेल, पितळेची नको, पाणी आंबट होतं. आणि एकदा ठेवलं की हलवायचं नाही, रोज उचलून बघितलंस तर जुना थर बुडतो आणि वर नवा वेगळा धरतो. (तू बघितलं असणारच, सगळेच बघतात, मी पण.)

आता पापड. ओल्या सायीत जवळजवळ ९९ टक्के पाणीच असतं. ते उन्हात झटकन उडालं की धागे एकमेकांना घट्ट चिकटतात, मग कडक होणारच. ग्लिसरीनच्या पाण्यात रात्रभर भिजव आणि सावलीत, फळीवर सपाट वाळव. लवचिक राहील.

लंडनवाल्यांचं म्हणशील तर ती टॉम एलिस यांची लॅब. त्यांचा बॅक्टेरिया पण कोम्बुचातूनच काढलेला, आणि काढला कोणी तर त्यांच्या कॉलेजच्या २०१४ च्या आयजेम टीमने (आयजेम म्हणजे जीन बदलून काहीतरी नवं करायची विद्यार्थ्यांची जागतिक स्पर्धा), म्हणजे तुझ्याच वयाच्या पोरांनी. त्यात एलिस यांच्या लॅबने टायरोसिनेज एन्झाइमचा जीन घातला, ते एन्झाइम टायरोसिन या अमिनो अॅसिडपासून मेलॅनिन बनवतं, म्हणजे आपल्या केसातला काळा रंगच. गंमत पुढे आहे. हा बॅक्टेरिया वाढताना अॅसिड सोडतो आणि त्या आंबटपणात मेलॅनिन काही धड बनत नाही. म्हणून त्यांनी दोन टप्पे केले, आधी १४ दिवस बुटाच्या आकाराच्या भांड्यात नुसती वाढ, मग आंबटपणा काढलेल्या द्रावणात दोन दिवस ३० डिग्रीला हळूहळू हलवत ठेवलं, तेव्हा काळं झालं. निळ्या प्रकाशाने नक्षी उठवायचा प्रयोग पण त्याच पेपरात आहे. तांबूस रंग हवा तर तुमच्या आज्जांचा हिरडा-बाभूळ आधी वापरून बघ, जीनच्या मागे कशाला लागतोस!

लूमवाला_इचलकरंजी

विरजणताई माहिती भारी पण एक कळलं नाही. बातमीत 'जिवंत मटेरियल' आणि शेवटी धुवून मारूनच टाकायचं? मग ते जिवंत कसलं, हे म्हणजे कापसाला जिवंत कापड म्हटल्यासारखं झालं.

आणि पाण्याचं काय? सुझान ली म्हणून एक फॅशन डिझायनर हे कोम्बुचा जॅकेट २००३ पासून करत होत्या, ते पावसात पाणी पीत सुटायचं. तसं कोल्हापुरी पण पावसाळ्यात घालत नाही म्हणा.

विरजण

बरोबर पकडलंत. बुटात जिवंत काही राहत नाही. तिथे जिवंतपणा कारखान्यापुरता, वाढणं आणि रंगणं झालं की काम संपलं.

पण त्याच लॅबचं २०२१ चं काम बघा, अमेरिकेतल्या एमआयटीबरोबरचं, ते मला जास्त आवडतं. कोम्बुचात बॅक्टेरियाबरोबर यीस्ट असतंच, यीस्ट साखर फोडून देतं आणि बॅक्टेरिया सेल्युलोज विणतो. त्यांनी ही जोडी तशीच ठेवली, पण यीस्ट घेतलं बेकरीचं, कारण त्यात जीन घालणं सोपं. मग ते यीस्ट त्या चादरीत बसून एन्झाइम सोडतं, किंवा पाण्यात एस्ट्रॅडिऑल हार्मोन आहे का ते दाखवतं. अडचण आली ती अगदी आपल्या घरातली, यीस्ट तळाशी बसायचं आणि चादर वर. शेवटी पाण्याची घनता वाढवणारं द्रव्य घातलं तेव्हा यीस्ट वर येऊन चादरीत अडकलं. ही चादर वाळवून परत ओली केली तरी यीस्ट कामाला लागतं. याला मी जिवंत म्हणेन.

एक_शंका

मग यीस्टवाली चप्पल करा की, घाम लागला की वास खाणारी 😀 जीन घालायचं किट बाहेर मिळतं म्हणे, घरीच कर भावा.

विरजण

घरी नको. कृपया. जीन बदललेले सूक्ष्मजीव आपल्याकडे १९८९ च्या नियमांखाली येतात, ज्या संस्थेत काम होतं तिथे जैवसुरक्षा समिती लागते, तिच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. साध्या कोम्बुचाला यातलं काही नाही, ते बिनधास्त कर. कॉलेजमध्ये समिती आहे का ते सरांना विचार, नसेल तर आयसर पुण्याच्या टीम आयजेमला जाऊन आल्यात, त्या पोरांशी बोल. शुद्ध स्ट्रेन (एकाच जातीचे बॅक्टेरिया) हवा तर एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेचं एनसीआयएम हे सूक्ष्मजीवांचं कलेक्शन पुण्यातच आहे, कॉलेजच्या लेटरहेडवर मागव.

पायताण_०९

अपडेट द्यायला दीड महिना लावला, परीक्षा होती. परातीत केलं, ग्लिसरीन दिलं, सावलीत वाळवलं, यावेळी मस्त, घडी घातली तरी मोडत नाही. बाभळीच्या सालीच्या पाण्यात ठेवल्यावर रंग पण लई भारी आला. बाबांना दिलं. त्यांनी काही न बोलता आरी घातली, वादी ओवली आणि ओढली. पट्टा फाटला नाही, उकलला, एकावर एक पदर सुटत गेले. म्हणाले रंगाचं सोड, याला पदर आहेत, कातड्याला पदर नसतात, त्यात सगळीकडून सगळीकडं गुंता असतो म्हणून टाका धरतो.

म्हणजे जीनच्या नादात मी ज्याचा विचारच केला नव्हता तिथंच गाडं अडलं.

लूमवाला_इचलकरंजी

बाबांना नमस्कार सांग, नेमकं बोलले. थरावर थर धरतो म्हणून पदर. यावर आमच्या लाइनमधला उपाय आहे. जेन कीन म्हणून लंडनच्याच एक डिझायनर, त्यांनी २०१८ मध्ये बुटाच्या आकारात आधी दोरे ताणले आणि त्या दोऱ्यांवर बॅक्टेरियाकडून सेल्युलोज धरवून घेतलं. म्हणजे ताणा आपला, बाणा बॅक्टेरियाचा. ओढ दोऱ्यावर येते, टाका दोऱ्यात अडकतो. परातीवर लाकडी चौकट बसव, वीतभर रुंदीत दोरे ताण, पाण्याच्या पातळीला बरोबर.

पायताण_०९

हे बाबांना दाखवलं, ते लगेच पट्ट्याचा कागद काढून बसले, म्हणतात दोरे आडवे उभे नकोत, चपलेचा कान (बाजूची पट्टी) जिथं येतो तिथं तिरके पाहिजेत, ओढ तिकडून असते. सुती दोरा चालेल का ताई, की त्यावर बुरशी धरेल?

विरजण

चालेल. आधी उकळून घे. आणि हिरवा-काळा लव आलेला दिसला की अख्खी परात फेकून दे, वरचं काढून वापरू नकोस.