ज्यूकबॉक्समधला फोम पार विरघळलाय, त्या जागी काय घालू?

नमस्कार मंडळी. मी खानापूरचा. मामांचं गोव्यात हॉटेल होतं. तिथला रॉक-ओला कंपनीचा ज्यूकबॉक्स (नाणं टाकून तबकड्यांवरची गाणी वाजवायचं यंत्र) टेम्पोत घालून चोर्ला घाटातून घरी आणलाय. ८० तबकड्या, दोन्ही बाजू धरून १६० गाणी. मामा आता ८२ वर्षांचे आहेत. त्यांना तो पुन्हा वाजताना ऐकवायचाय, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

यंत्र तसं ठणठणीत आहे. मोटर अमेरिकन, ६० हर्ट्झची. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला ४५ फेऱ्यांची तबकडी जेमतेम ३७.५ फेऱ्यांनी फिरायची. उद्यमबागेतल्या एका लेथवाल्यांनी मोटरच्या दांड्यावरची बुश (नळीसारखं कडं) १.२ पट व्यासाची करून दिली, आता चाल बरोबर आहे. फार मन लावून केलं त्यांनी ते काम.

अडलंय ते फोमवर. झाकणाच्या काचेभोवती आणि स्पीकर व लाकडी फळी यांच्यामध्ये काळ्या फोमच्या पट्ट्या होत्या. आता तिथे काकवीसारखा चिकट राडा आहे. बोट लावलं की तार निघते, आणि सुकलेल्या भागाची भुकटी थेट तबकड्यांवर पडते. स्पीकरचा कागद आणि त्याची कापडी कड मात्र शाबूत आहे.

घाईत गादीवाल्याकडचा स्पंज कापून स्पीकरमागे लावला. आवाज पोकळ येतो, ढोलकीचा ठेका तर ऐकूच येत नाही. पावसाळ्यात तो स्पंज ओलाही झाला. मूळ पट्टीची जाडी कळायला एक धड तुकडा उरलेला नाही. कोणतं मटेरियल घ्यावं, किती जाड, आणि हा राडा काढायचा कशानं? काचेवर आतल्या बाजूनं रंगीत छपाई आहे, तिची जास्त काळजी वाटते.

प्रतिसाद, निपाणीहून:

दादा, आधी तो स्पंज काढा. त्यातून हवा आरपार जाते. स्पीकरच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींत मिसळली की खर्जाचा आवाज मरतो, तुमची ढोलकी तिथेच गेली. जुना फोम पॉलियुरेथेनचा असणार. दमट हवेनं तो आतून तुटत जातो, आपल्याकडच्या पावसात तर लवकरच.

बंद छिद्रांचा, म्हणजे हवा-पाणी आरपार न जाणारा, निओप्रीन किंवा ईव्हीए फोम घ्या. दुकानातच तुकडा पाण्यात बुडवून दाबा आणि बाहेर काढा. पाणी प्यायला असेल तर परत करा. जाडीसाठी कणकेची गोळी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फटीत ठेवा, स्क्रू नेहमीइतके आवळा, मग उघडून मोजा. ६ मिमी भरली तर ८ मिमीची पट्टी घ्या, पाव भाग दबला की सांधा बंद होतो.

राडा जुन्या एटीएम कार्डानं खरवडा आणि भुकटी चिकटपट्टीनं टिपून घ्या. उरलेला थर लाकूड-पत्र्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं निघतो, आधी कोपऱ्यात बघा. छपाईच्या बाजूला मात्र अल्कोहोल अजिबात नको, रंग उचलला जाईल. तिथे कोरड्या कापसानं, वेळ लागला तरी चालेल. तबकड्या त्याआधी बाहेर काढून ठेवा.

मामा कधी येताहेत ऐकायला?

धागाकर्ता:

कणकेची गोळी आत्ताच लावली. ५ मिमी भरली, एका कोपऱ्यात ७. फळी वाकलीय बहुतेक, उद्या तीच आधी सरळ करतो.